रेसिंगचं हेल्मेट: आधी आतला स्टिकर बघा

हुपरीकडं ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी पळवायला निघालेला गडी हमखास बुलेटचंच हेल्मेट उचलतो. कारसाठी स्नेलचं (हेल्मेटं तपासून शिक्का देणारी अमेरिकन संस्था) 'एसए' बघा; 'एम' म्हणजे मोटारसायकलचं, त्याची आगीची चाचणी नसते.

१. आतलं अस्तर बोटानं उचला, स्टिकर तिथं असतो. 'एसए२०२०' असं वर्षही दिसेल. स्पर्धेला कुठलं चालतं ते आधीच विचारा.

२. भुवयांच्या बोटभर वर टेप फिरवून डोक्याचं माप घ्या.

३. घालून डावीउजवीकडं हलवा. गालाची कातडी सोबत ओढली पाहिजे. मग काढू नका, दुकानातच २० मिनिटं बसा. कपाळावर लाल वळ उठला की आकार चुकला. "वापरून सैल हुतंय की ओ" असं दुकानदार म्हणतील; गालाचं होतं, कपाळाचं नाही.

सेकंडहँड मात्र नकोच. आपटलेलं बाहेरून ओळखू येत नाही.