हॅकिंटॉशवरील यूएसबी पोर्टची मांडणी: पंधरांचा हिशेब

ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस ही केवळ ॲपलच्या संगणकांसाठी असलेली प्रणाली आहे, त्यामुळे सुटे भाग जोडून तयार केलेल्या इंटेल संगणकावर, म्हणजेच हॅकिंटॉशवर, ती चालवायची असेल तर मदरबोर्डवरील पोर्टची ओळख तिला आपणच करून द्यावी लागते. हे काम राहून गेले की जलद पेनड्राइव्ह रखडत चालतो, ब्लूटूथ दिसेनासे होते, आणि स्लीपमध्ये घातलेला संगणक काही सेकंदांतच जागा होतो. माझ्या संगणकाच्या स्लीपच्या तक्रारीसाठी मी कितीतरी दिवस ग्राफिक्स कार्डाला दोष देत होतो. चूक यूएसबीच्या नकाशात, म्हणजे कोणता पोर्ट कोणत्या प्रकारचा हे प्रणालीला सांगणाऱ्या यादीत होती.

२०१५ साली आलेल्या एल कॅपिटन आवृत्तीपासून मॅकओएस एका कंट्रोलरवर (यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या भागावर) १५ पेक्षा अधिक पोर्ट स्वीकारत नाही. पोर्टच्या पत्त्यात क्रमांकासाठी चारच बिट राखलेले असतात आणि शून्य पोर्टसाठी वापरले जात नाही, म्हणून १५. निळ्या रंगाचा यूएसबी ३ चा एक पोर्ट मात्र प्रणालीच्या लेखी दोन असतो: ४८० मेगाबिट गतीचा ‘एचएस’ आणि ५ गिगाबिट गतीचा ‘एसएस’. इंटेलच्या अनेक चिपसेटवर एचएसचे १४, यूएसआरचे (चिपसेटच्या अंतर्गत वापराचे) २ आणि एसएसचे १० असे २६ पोर्ट जाहीर होतात; एसएसचे क्रमांक शेवटी येत असल्याने मर्यादेबाहेर नेमके जलद पोर्टच पडतात. कोणते १५ ठेवायचे हे आपण ठरवले नाही, तर ते असे परस्पर ठरते.

हॅकिंटॉश सुरू करून देणाऱ्या ओपनकोअर या बूटलोडरमधील ‘एक्सएचसीआय पोर्ट लिमिट’ हा पर्याय ही मर्यादा उठवत असे, पण मॅकओएस ११.३ पासून तो भरवशाचा राहिलेला नाही. म्हणून यूएसबीटूलबॉक्स हे पोर्टचा नकाशा बनवणारे साधन वापरून विंडोजमधूनच नकाशा तयार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे ही मर्यादा आडवी येत नाही. यूएसबी २ चा एक आणि यूएसबी ३ चा एक असे दोन पेनड्राइव्ह घेऊन ते पेटीच्या प्रत्येक पोर्टमध्ये पाळीपाळीने लावावेत आणि पडद्यावर जे नाव उमटेल ते कागदावर टिपून घ्यावे, उदाहरणार्थ ‘मागे, वरून दुसरा: एचएस०३, एसएस०३’. पुढच्या बाजूचे पोर्ट विसरू नयेत.

टाइप-सी पोर्टकडे विशेष लक्ष द्यावे. यूएसबी ३ चे उपकरण आधी सरळ आणि मग उलटे लावून पाहावे. दोन्ही वेळा एसएसचा क्रमांक तोच राहिला तर नकाशात पोर्टच्या प्रकाराचा आकडा ९ आणि खर्च दोन जागांचा. क्रमांक बदलला तर प्रकार १० आणि खर्च तीन जागांचा. साध्या यूएसबी २ पोर्टला ०, यूएसबी ३ ला ३, आणि पेटीच्या आत जोडलेल्या ब्लूटूथसारख्या उपकरणाला २५५ हा आकडा द्यावा. ब्लूटूथला २५५ दिलेला नसणे हे स्लीप बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे.

आता हिशेब मांडावा. सहा निळ्या पोर्टचे १२, प्रकार ९ च्या टाइप-सीचे २ आणि ब्लूटूथचा १ मिळून १५ होतात. आणखी एक पोर्ट हवा असेल तर कीबोर्ड कायम ज्यात असतो त्या निळ्या पोर्टची एसएस बाजू काढून त्याचा प्रकार ० करावा. कीबोर्डला त्या गतीची गरज नसते. वेगळ्या चिपचा दुसरा कंट्रोलर मदरबोर्डवर असेल तर त्याचे १५ स्वतंत्र मोजले जातात.

तयार झालेला नकाशा आणि सोबतचा यूएसबीटूलबॉक्स केक्स्ट (मॅकओएसला जोडायचा ड्रायव्हरसारखा भाग) हे दोन्ही ईएफआय विभागातील, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइली असलेल्या डिस्कच्या भागातील, केक्स्टच्या फोल्डरमध्ये ठेवून ओपनकोअरच्या कॉन्फिग फाइलच्या कर्नल विभागात नोंदवावेत, आणि पोर्ट लिमिटचा पर्याय बंद करावा. त्यापूर्वी चालू स्थितीतील ईएफआयची प्रत एका पेनड्राइव्हवर घ्यावी, कारण कीबोर्डचाच पोर्ट नकाशातून सुटला तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डही टाकता येत नाही. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर कागदावरील प्रत्येक पोर्ट तपासून मग स्लीप करून पाहावे. तो तरीही लगेच जागा झाला, तर टर्मिनलमधील पीएमसेट या वीज-व्यवस्थापनाच्या आज्ञेच्या नोंदीत जागे होण्याचे कारण शोधावे. तिथे एक्सएचसी असे यूएसबी कंट्रोलरचे नाव दिसले, तर प्रकाराचे आकडे पुन्हा एकदा कागदाशी ताडून पाहावेत.