देशी भाताचा डीएनए तपासताय? या चुका टाळा

घनसाळ (कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा भागातला वासाचा देशी भात) म्हणून हातात आलेलं बियाणं घनसाळच आहे, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारी जेल बिघडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवता येते. बियाणं गोळा करतानाच घोळ झाला, तर पुढचा सगळा हंगाम वाया जातो. आजरा घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावावर शेतकऱ्याचा भाव ठरतो, म्हणून इथे हलगर्जीपणा परवडणार नाही.

आजरा, चंदगड, भुदरगडकडे नमुने घ्यायला जाल तेव्हा घरातल्या जाणत्या बाईला आधी विचारा. बियाणं कुणाकडून आलं, किती वर्षं घरचंच राखलंय, खळ्यावर दुसरं भात मिसळलं होतं का? रोपाची उंची, टरफलाचा रंग, कुसळ आहे की नाही, हे शेतातच टिपून घ्या. पावसात पेनची शाई पसरते, त्यामुळे चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. एक पिशवीवर लावा, एक आत टाका. पानं ओली ठेवू नका, सिलिका जेलमध्ये वाळवा.

दुसरी चूक म्हणजे एका वाणाचं एकच रोप घेणं. भातात परपरागण साधारण 1 टक्क्याहूनही कमी होतं. त्यामुळे प्रत्येक रोप स्वतःपुरतं जवळजवळ शुद्ध असतं, पण देशी वाणाच्या एकाच खाचरात शेजारची दोन रोपं वेगळी निघू शकतात. एकच रोप घेतलं तर ही विविधता दिसत नाही. दहा रोपांची पानं एकत्र वाटली तरी प्रश्न सुटत नाही: जेलवर दोन-तीन बँड (डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे) उमटतात आणि अहवालात ‘संकर’ असं लिहिलं जातं. एका खाचरातून दूरदूरची दहा-पंधरा रोपं घ्या आणि प्रत्येकाचा डीएनए स्वतंत्र काढा. खर्च वाढतो, हे खरं. मग वाण कमी घ्या, रोपं कमी करू नका.

डीएनए चिकट, पिवळसर आला आणि पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणं) चालला नाही, तर प्रायमरला (प्रती कुठून सुरू करायच्या हे ठरवणाऱ्या छोट्या तुकड्याला) दोष देण्याआधी 260, 280 आणि 230 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं प्रमाण बघा. 260/280 साधारण 1.8 हवं, बरंच कमी आलं तर प्रथिनं राहिली आहेत. 260/230 कमी आलं तर शर्करा किंवा फिनॉल राहिले आहेत. निबर पानांत हा त्रास जास्त, म्हणून कोवळं पान घ्या.

मार्कर (वाण ओळखण्याची डीएनएमधली खूण) निवडताना आरएपीडी (डीएनएवर कुठेही चिकटणारे छोटे प्रायमर वापरणारी पद्धत) स्वस्त म्हणून घेऊ नका. दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच बँड मिळतील याची खात्री नसते. भातासाठी एसएसआर (डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) बरे, मात्र ते बाराही गुणसूत्रांवर पसरलेले हवेत. दोन बेसचा (डीएनएच्या दोन अक्षरांचा) फरक साध्या अ‍ॅगारोज जेलवर सुटा दिसत नाही. त्यासाठी अ‍ॅक्रिलामाइड जेल किंवा केशिका (बारीक नळीत तुकडे वेगळे करण्याची) पद्धत लागते. प्रत्येक जेलवर आयआर 64 किंवा निप्पोनबारे हा माहितीतला भाताचा वाण सोबत चालवा, म्हणजे आकार जुळवता येतात. वासासाठी आठव्या गुणसूत्रावरच्या बीएडीएच2 जनुकातली 8 बेसची तूट तपासतात. ती सापडली नाही म्हणून वाण बिनवासाचा ठरत नाही. त्याच जनुकात दुसरेही बदल असू शकतात.

नोंदींच्या तक्त्यात होणारी एक चूक मला सगळ्यांत जास्त खटकते: पीसीआर फसला तिथे शून्य लिहिणं. शून्य म्हणजे ‘बँड नाही’. फसलेली चाचणी म्हणजे ‘माहिती नाही’. दोन्ही एकच मानलं की संगणक खोटी विविधता दाखवतो, आणि वाणांचं नातं दाखवणाऱ्या झाडासारख्या आकृतीत एखादा वाण सगळ्यांपासून दूर जाऊन बसतो. अशी एकटी फांदी दिसली की आधी त्या नमुन्याच्या रिकाम्या जागा मोजा. ‘स्ट्रक्चर’ हे नमुन्यांचे गट पाडणारं सॉफ्टवेअर वापरताना गटांची संख्या नुसत्या डेल्टा-के या आकड्यावरून ठरवू नका. गट एकच आहे, हे त्या पद्धतीला कधीच सांगता येत नाही.

एकाच नावाचे नमुने दोन गटांत गेले, तर निष्कर्ष लिहिण्याआधी दोन्ही बियाणी पुढच्या पावसाळ्यात शेजारी-शेजारी लावा. फुलोरा किती दिवसांत येतो, लोंबी केवढी होते आणि शिजवल्यावर वास येतो का, हे ते बियाणं देणाऱ्या शेतकऱ्यासोबतच बघा.