काळ्याने खेळताना एफ७ वर होणाऱ्या चुका टाळा

बुद्धिबळाचा डाव सुरू होतो तेव्हा काळ्याच्या एफ७ च्या प्याद्याला एकट्या राजाचा आधार असतो. पांढऱ्याचे बरेच झटपट सापळे याच घरावर रोखलेले असतात. काळा त्यात सापडतो तो बहुधा खेळ्यांचा क्रम चुकल्यामुळे.

१.ई४ ई५ २.वजीर एच५ आला की घाईने जी६ करू नका. वजीर ई५ चं प्यादं शह देत मारतो आणि एच८ चा हत्तीही जातो. आधी घोडा सी६. ३.उंट सी४ नंतर मात्र जी६च. घोडा एफ६ केलात तर वजीर एफ७ वर येऊन मात. जी६ नंतर वजीर एफ३ वर गेला, की मग घोडा एफ६.

दोन घोड्यांच्या बचावात (× म्हणजे मारणं: १.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४ घोडा एफ६ ४.घोडा जी५ डी५ ५.ई×डी५) हात आपोआप घोडा×डी५ कडे जातो. मग ६.घोडा×एफ७, राजा×एफ७ ७.वजीर एफ३ शह, आणि डी५ चा घोडा राखायला राजाला ई६ वर, पटाच्या मध्यभागी यावं लागतं. त्याऐवजी ५...घोडा ए५ खेळा (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी). ६.उंट बी५ शह, सी६ ७.डी×सी६ बी×सी६. एक प्यादं कमी पडतं, पण मोहरे झपाट्याने बाहेर येतात.

सर्वांत फसवा सापळा लेगालचा. अठराव्या शतकातला हा फ्रेंच खेळाडू नामवंत बुद्धिबळपटू फिलिडोरचा गुरू. १.ई४ ई५ २.घोडा एफ३ डी६ ३.उंट सी४ उंट जी४ ४.घोडा सी३ जी६? ५.घोडा×ई५! जखडलेला वाटणारा (हलला तर मागचा वजीर उघडा पडेल असा) घोडा उठतो. वजिराच्या मोहाने उंट×डी१ केलंत, की ६.उंट×एफ७ शह, राजा ई७ ७.घोडा डी५ मात. वजीर सोडून ५...डी×ई५ घ्या, ६.वजीर×जी४ नंतर नुकसान एका प्याद्यावर थांबतं.

४...घोडा सी६ असेल तर हाच बळी पांढऱ्यावर उलटतो: ५.घोडा×ई५? घोडा×ई५! आता हा घोडा जी४ चा उंटही राखतो. म्हणून जाणता पांढरा आधी ५.एच३ खेळून उंटाला हुसकावतो. इथे उंट एच५ वर नेणं ही खरी चूक, कारण तिथे त्याला घोड्याचा आधार नाही: ६.घोडा×ई५ घोडा×ई५ ७.वजीर×एच५ घोडा×सी४ ८.वजीर बी५ शह, आणि पुढे वजीर सी४ चा घोडा मारतो. ५...उंट×एफ३ घ्या, ६.वजीर×एफ३ ला लगेच घोडा एफ६, कारण पुन्हा एफ७ वर मात उभी असते.