मोबाइल ॲपमधून पहिली कमाई करताना या चुका टाळा

कराड आणि साताऱ्याच्या परिसरातील छोट्या व्यावसायिकांसाठी मी अँड्रॉइड ॲप तयार करतो, आणि नव्याने या कामात उतरलेली मुले-मुली आपले अडलेले काम घेऊन माझ्याकडे येत असतात. त्यांच्या अडचणी ऐकताना मला आता वाईट वाटते, कारण त्या नेहमी त्याच असतात. मुले हुशार असतात, कष्टाळू असतात, तीन-तीन महिने खपून ॲप उभे करतात आणि पहिला पैसा दिसू लागताच आठवडाभराच्या उतावळेपणात सगळे घालवून बसतात. त्यातील दोन चुकांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण एक सर्वांत जास्त लोक करतात आणि दुसरी मी स्वतः केली आहे.

आपल्याच जाहिरातींवर बोट ठेवणे

बहुतेक जण सुरुवातीला गूगलच्या ॲडमोब या जाहिरात-सेवेच्या जाहिराती ॲपमध्ये लावतात. तेथे पैसे प्रत्यक्ष बँकेत येण्यासाठी खात्यात १०० डॉलर जमावे लागतात, आणि १० डॉलरचा टप्पा आला की पत्त्याची खात्री करण्यासाठी टपालाने पिन येतो. ते पाकीट हातात पडले की कमाई खरी असल्याची खात्री पटते, आणि नेमकी तेव्हापासून घाई सुरू होते. दहापासून शंभरापर्यंतचे अंतर छोट्या ॲपला अनेक महिने पुरते. माझ्या स्वतःच्या एका ॲपमध्ये हजार वेळा बॅनर म्हणजे जाहिरातीची पट्टी दिसल्यावर काही रुपयेच मिळत असत. तेवढा धीर नसलेला माणूस मग स्वतःच जाहिरातीवर टिचकी मारतो, नाहीतर मित्रांना मारायला सांगतो.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने आपल्या वसतिगृहाच्या खानावळीसाठी एक सुरेख ॲप केले होते. त्यात आजचे आणि उद्याचे जेवण दिसायचे, सुट्टीवर जाताना खाडा नोंदवता यायचा आणि महिन्याचे पैसे कळायचे. वसतिगृहातील मुले ते रोज उघडत होती. याहून चांगली सुरुवात असू शकत नाही. पण एके रात्री त्याने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘रोज एकदा खालच्या जाहिरातीवर क्लिक करा, पार्टी देतो’ असा निरोप टाकला. चाळीसेक मुलांनी एकाच वायफायवरून पंधरा दिवस ते इमानेइतबारे केले. खात्यात ७३ डॉलर दिसू लागले आणि त्यानंतरच्या सोमवारी खाते बंद झाल्याचा ईमेल आला. अवैध क्लिकमधून जमलेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाते, त्यामुळे त्यातील एक पैसाही त्याला मिळाला नाही. त्याने फेरविचाराचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. मग त्याने वडिलांच्या नावाने दुसरे खाते उघडले. फोन तोच होता, ॲपही तेच होते, आणि तेही खाते महिन्याभरात गेले.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्या ॲपचा पडदा पाहिला. ‘उद्याचा मेनू’ हे बटण अगदी तळाला होते आणि त्याला चिकटूनच जाहिरातीची पट्टी होती. दोन्हींमध्ये केसाइतकेही अंतर नव्हते. अंगठा जरा घसरला की जाहिरात उघडायची. म्हणजे त्याने ग्रुपवर निरोप टाकला नसता, तरीही चुकून पडणाऱ्या क्लिकमुळे आज ना उद्या त्याच्या खात्यावर आच आलीच असती. बटण आणि बॅनर शेजारी ठेवू नयेत, आणि ॲप उघडताक्षणी किंवा बंद करताना इंटरस्टिशियल म्हणजे मध्येच येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात दाखवू नये, हे नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. नियम वाचायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास न देणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटली तरी त्यांचे समर्थन मी करू शकत नाही.

माझी सवय अशी आहे. ॲपची चाचणीची आवृत्ती मी वेगळ्या पॅकेज नावाने, म्हणजे फोन आणि प्ले स्टोअर ज्यावरून ॲप ओळखतात त्या अंतर्गत नावाने, बांधतो आणि तिच्या आयकॉनवर लाल पट्टी देतो, म्हणजे ती आणि खरी आवृत्ती एकाच फोनवर शेजारी राहिल्या तरी गफलत होत नाही. लाल पट्टीच्या आवृत्तीत गूगलने चाचणीसाठी दिलेले नमुना-जाहिरातींचे क्रमांकच असतात. शिवाय घरातील प्रत्येक फोन मी चाचणीचा फोन म्हणून नोंदवून ठेवला आहे, कारण मूल खेळता खेळता कुठे बोट लावेल याची शाश्वती नसते.

फोन मराठीत गेल्यावर काय होते, हे न तपासणे

ही चूक माझी आहे, आणि मराठी माणसांसाठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी अशी माझी कळकळ आहे.

माझे पहिले नियमित उत्पन्न रतीबाच्या हिशेबाच्या ॲपमधून आले. आमच्या भागात घरोघरी दूध घालणारे एक मामा आहेत. त्यांची १४० घरे. कोणाचे एक लिटर, कोणाचे दीड, कोणाकडे पाहुणे आले की दोन, कोणी गावी गेले की खाडा. हे सारे ते लाल वहीत लिहीत आणि महिनाअखेर दोन रात्री जागून बेरजा करत. मी केलेल्या ॲपमध्ये रोजची नोंद एका टिचकीत व्हायची आणि एक तारखेला प्रत्येक घराला व्हॉट्सॲपवर बिल जायचे. तीन महिने सर्व काही सुरळीत चालले.

जानेवारीच्या १६ तारखेला रात्री मामांच्या पुतणीने, त्यांना वाचायला सोपे जावे म्हणून, फोनची भाषा मराठी केली. दुसऱ्या दिवसापासून ॲपमध्ये तारखा मराठी आकड्यांत दिसू लागल्या आणि मामा खूश झाले. मीही त्या पाहिल्या आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. १ फेब्रुवारीला बिले गेली. रोज एक लिटर, ६० रुपये भावाने ३१ दिवसांचे १८६० रुपये व्हायला हवे होते, तेथे ९६० रुपयांचे बिल गेले. फक्त १६ दिवसांचे. अनेकांनी तेवढे पैसे पाठवून दिले, आणि मामांना प्रत्येक दारात पुन्हा जाऊन ‘हिशेबात चूक झाली’ असे सांगावे लागले. वीस वर्षांत वहीने त्यांच्यावर ही वेळ आणली नव्हती.

त्यांच्या ओट्यावर बसून मी डेटाबेसची फाइल उघडली तेव्हा कारण समोर होते. १६ तारखेपर्यंतच्या तारखा इंग्रजी आकड्यांत साठवलेल्या होत्या आणि १७ पासूनच्या देवनागरी आकड्यांत. अँड्रॉइडमध्ये मराठी भाषेचे मूळ आकडे देवनागरी मानलेले आहेत. त्यामुळे फोनची चालू भाषा वापरून तारखेचा मजकूर तयार केला की तो देवनागरीत उतरतो. माणसाला दोन्ही तारखा सारख्याच दिसतात, पण डेटाबेस त्यांची तुलना अक्षराला अक्षर लावून करतो. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांच्या पुष्कळ पुढे येतात, म्हणून ‘१ जानेवारी ते ३१ जानेवारी’ या शोधाच्या कक्षेबाहेर त्या साऱ्या नोंदी गेल्या. सुदैवाने एकही नोंद पुसली गेली नव्हती. सुमारे दोन हजार नोंदींचे आकडे बदलणारा छोटा कोड लिहून मी त्याच संध्याकाळी बिले दुरुस्त केली.

ज्यात मी कोड लिहितो त्या अँड्रॉइड स्टुडिओने मला तारीख तयार करणाऱ्या ओळीवर आधीच पिवळी खूण दाखवली होती. तारीख कोणत्या भाषेच्या पद्धतीने लिहायची ते नेमके सांगा, असा तो इशारा होता. मी इशारा नाहीसा व्हावा एवढ्यासाठी तेथे ‘फोनची चालू भाषा’ असे भरले आणि पुढे गेलो. पिवळी खूण घालवण्यासाठी पिवळी खूण घालवणे, हीच माझी चूक, आणि आजही नव्या मुलांच्या कोडमध्ये मला ती पानोपानी दिसते.

तेव्हापासून मी साठवायची तारीख, मापे आणि रकमा नेहमी भाषानिरपेक्ष ‘लोकेल.रूट’ वापरून लिहितो, आणि मराठी आकडे केवळ पडद्यावर दाखवण्यापुरते वापरतो. रक्कम दशांशातील रुपयांत न ठेवता पूर्णांकातील पैशांत ठेवतो. याच दोषाचे एक भावंडही सांगून ठेवतो: जावा आणि कोटलिन या अँड्रॉइडच्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये पूर्णांक वाचणारे फंक्शन देवनागरी आकडे बिनतक्रार स्वीकारते, पण दशांश वाचणारे स्वीकारत नाही. म्हणजे एक लिटरच्या गिऱ्हाइकाची नोंद व्यवस्थित होते आणि दीड लिटरच्या गिऱ्हाइकावर ॲप कोसळते. असा दोष तुमच्या इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर वर्षभर शोधलात तरी सापडणार नाही. माझ्या टेबलावर आता एक जुना, कमी मेमरीचा फोन कायम मराठीत आणि मोठ्या अक्षरांत ठेवलेला असतो आणि प्रत्येक ॲप आधी त्याच्यावर चालवले जाते. अक्षरे मोठी केली की वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात का, तेही तेथेच कळते.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

प्ले स्टोअरवर ॲप एकदा मोफत म्हणून प्रसिद्ध केले की तेच ॲप नंतर विकतचे करता येत नाही. ॲपमधील वाढीव सुविधांसाठी पैसे घेता येतात, पण ‘आधी मोफत देऊ, मग किंमत लावू’ हा बेत नव्या पॅकेज नावाशिवाय पार पडत नाही.

पॅकेज नावही प्रसिद्धीनंतर बदलत नाही, म्हणून ‘टेस्ट१’ असल्या नावाने ॲप चढवू नका.

सहीच्या किल्लीची, म्हणजे ॲप तुमचेच आहे हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल सहीची, फाइल आणि तिचा पासवर्ड लॅपटॉपशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवा. ऑगस्ट २०२१ पासूनच्या नव्या ॲपची मूळ किल्ली गूगलकडे असते आणि हरवलेली अपलोड किल्ली, म्हणजे ॲप चढवताना तुम्ही वापरता ती, बदलून मिळू शकते, पण गिऱ्हाईक खोळंबलेले असताना ती मिळेपर्यंतचे दिवस फार लांब वाटतात.

प्लेवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी बंद गटात चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० माणसे लागत, पुढे ती संख्या १२ झाली, आणि ती सलग १४ दिवस गटात असावी लागतात. यासाठी पैसे घेऊन परीक्षक ‘पुरवणारे’ लोक आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्यांच्यासाठी ॲप करत आहात अशी पंधरा-वीस माणसे तुम्हाला सापडत नसतील, तर अडचण चाचणीची नसून ॲपच्या विषयाची आहे, आणि ती प्रसिद्धीनंतरही तुमच्यासोबत राहील.

बाजारात तयार कोड विकत घेऊन, रंग आणि नाव बदलून तेच ॲप चढवणाऱ्यांविषयी मी इतकेच म्हणेन की एकसारख्या ॲपची पुनरावृत्ती हे ॲप काढून टाकण्याचे मान्य कारण आहे, आणि विकसकाचे खाते एकदा रद्द झाले की संबंधित खातीही त्यात ओढली जातात. भावाचे किंवा मित्राचे खाते वापरायला मागण्याआधी त्याला हे सांगा.

एसएमएस आणि कॉल लॉग वाचण्याची परवानगी नाइलाज असल्याशिवाय मागू नका. गोपनीयता धोरणाचे पान कुठून तरी उतरवून घेऊ नका, कारण प्लेच्या डेटा सुरक्षेच्या फॉर्ममध्ये तुम्ही दिलेली उत्तरे आणि त्या पानावरील मजकूर जुळला पाहिजे.

प्लेवरील ॲपमध्ये स्वतःच्या यूपीआयचा क्यूआर कोड लावून त्यावर डिजिटल सुविधा उघडून देणे हेही नियमात बसत नाही. तेथे प्लेची बिलिंग व्यवस्था किंवा तिने मान्य केलेला पर्यायच वापरावा लागतो. वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत प्लेचे शुल्क १५ टक्के आहे, म्हणजे १०० रुपयांतले १५ आधीच वजा धरून किंमत ठरवा.

परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठीचा ओळख-क्रमांक, लागतो, आणि तो प्रत्येक छोट्या शाखेला नसतो. खाते जोडण्याआधी शाखेत जाऊन विचारा, आणि बँकेतील तुमचे नाव व देयकाच्या खात्यातील नाव अक्षरशः एक ठेवा.

किंमत न सांगणे

रतीबाचे ॲप मामांना पहिल्यांदा दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, “किती द्यायचे?” मी संकोचाने म्हणालो, “तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, मामा.” ते किटली खाली ठेवून म्हणाले, “पोरा, आकडा बोल. मी दूध ‘योग्य वाटेल ते द्या’ म्हणून घालतो का?”

मी त्या दिवशी आकडा सांगू शकलो नाही आणि घरी येऊन पहिल्यांदा हिशेब मांडला. मामांच्या दोन रात्री वाचत होत्या, विसरलेल्या खाड्यांवरून होणारे वाद थांबत होते, आणि मला महिन्याला तीन-चार तास देखभाल करावी लागणार होती. वर्षाला १८०० रुपये, असे ठरवून मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी घासाघीस केली नाही. ‘फोन बदलला तर हिशेब नव्या फोनवर येईल का?’ एवढेच विचारले, आणि नोटा मोजून दिल्या. जाहिरातींच्या खात्यात तोवर माझे अकरा डॉलर जमले होते.

त्यानंतर त्यांच्या ओळखीने आणखी सहा दूधवाले आले आणि एक पेपर टाकणारे आले. या सर्वांना ॲप मी स्वतः बसवून देतो, ते प्लेवर नाही. प्रत्येकाला छापील पावती देतो आणि तिच्यावर चार गोष्टी लिहितो: ॲप किती फोनवर चालेल, वर्षात किती बदल त्याच रकमेत करून मिळतील, हिशेबाची प्रत कुठे आणि किती दिवसांनी ठेवली जाईल, आणि बिघाड झाल्यास मी किती तासांत येईन. चौथी ओळ मी जानेवारीतील त्या प्रकारानंतर वाढवली. तेथे मी २४ तास लिहितो, आणि महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांसाठी ४.