ऑक्टोबरात मुंबईहून शिर्डीला चालत निघताना
सॅक तीन हवामानं धरून भरा: शहापूरपर्यंत ऑक्टोबर हीट, कधीही कोसळणारा परतीचा पाऊस आणि कसारा घाट चढल्यावर इगतपुरीची गार पहाट. पहाटे चारला निघून दहाच्या आत सावली गाठा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये मीठ जास्त होऊन तहान आणखी वाढते.

पायाला फोड येतात ते मुख्यतः ओल्या मोज्यांमुळे. सुती मोजा घाम धरून ठेवतो, कातडी मऊ पडते आणि टाचेला घासली जाते. म्हणून सिंथेटिक मोजे घ्या, दर विसाव्याला पाय नीट पुसून जोडी बदला, ओली जोडी सॅकला बाहेरून टाचणीने अडकवा. रेनकव्हर असलं तरी पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच, तेव्हा कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.