फिलिपिनो नाटक शिकायचंय? आधी डाग्ली वाचा

नाटकाच्या अभ्यासासाठी मनिलाला गेले तेव्हा गाठीला संगीत नाटकाचं वेड होतं आणि तिथल्या टागालोग भाषेचे जेमतेम चाळीस शब्द. पहिल्याच निबंधात मी डाग्लीला, म्हणजे तिथल्या इटुकल्या गोष्टीला, 'फ्लॅश फिक्शनचा फिलिपिनो अवतार' म्हणून मोकळी झाले. बाईंनी समासात दोनच शब्द लिहिले : 'आधी कोण?' डाग्ली विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टागालोग वर्तमानपत्रांत छापून येत होती. फ्लॅश फिक्शन हे नाव रुळलं ते कित्येक दशकांनी.

डाग्ली म्हणजे 'झटकन'. आपली अलक (अति लघु कथा) आठवेल, पण अलकेत शेवटी धक्का हवाच असतो. जुन्या डाग्लीला त्याची पर्वा नाही. कधी एखाद्या तरुणीला उद्देशून लाडीगोडी, कधी स्पेननंतर राज्य करायला आलेल्या नव्या अमेरिकी साहेबाला टोमणा.

नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. पान-दीड पानात गोष्ट संपते, त्यामुळे शब्दकोश घेऊन बसलं तरी दम लागत नाही. मोठ्यानं वाचा. गुरो, मुखा, आसा असे ओळखीचे चेहरे भेटतात. 'दुखा'पाशी मात्र मी फसले. तिथे त्याचा अर्थ गरीब.

कोमेद्या आणि सिनाकुलो पुस्तकात शोधू नका. कोमेद्यात ख्रिस्ती आणि मूर (मुस्लिम) राजघराणी पद्यात भांडतात, बँडच्या ठेक्यावर पावलं टाकत लढतात. कागदावर ते कंटाळवाणंच वाटतं. सिनाकुलो म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांचं नाटक. त्यासाठी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात एखादं गाव गाठा.

सार्सुएला मला घरचीच वाटली. स्पेनची ही संगीतिका मनिलात पोचली १८७०च्या दशकाअखेर, आणि किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०चं! पण खरी गंमत पुढे आहे. अमेरिकनांनी १९०१ साली राजद्रोहाचा कायदा आणला, तरी नाटकवाले गप्प बसले नाहीत. वेगवेगळ्या रंगांचे कपडे घातलेली पात्रं रंगमंचावर अशी जवळ येत, की क्षणभर बंदी असलेला झेंडाच उभा राही. नाटककार आउरेलिओ तोलेन्तिनोला १९०३च्या नाटकापायी अटक झाली. 'कीचकवधा'त कर्झन ओळखणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सेवेरिनो रेयेसची सार्सुएला 'वालांग सुगात' (१९०२) मात्र सावकाश वाचा. जखमी तेन्योंग मरणार, म्हणून शेवटच्या इच्छेखातर त्याचं प्रेयसी हुलियाशी लग्न लावतात. लग्न लागतं आणि पठ्ठ्या ताडकन उठून उभा! सगळे ओरडतात, 'वालांग सुगात!', म्हणजे जखमच नाही. नाटकाचं नाव तिथून आलंय, आणि पहिल्या वाचनात मी ती ओळ तशीच ओलांडून गेले होते.