चाकाविना ब्लेंडर: माझा अनुभव

माऊसचं चाक गेलं. फिरायचं, पण दाबलं की काहीच नाही. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या प्रोग्राममध्ये चाक दाबणं म्हणजेच मधलं बटण, आणि ते नाही म्हणजे मॉडेल नेहमीसारखं माऊसने फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येत नाही. माझी निम्मी बनलेली समई समोरूनच दिसत बसलेली. लॅपटॉपला नंबरपॅडही (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गट) नाही, त्यामुळे १, ३, ७ दाबून समोरून, बाजूने, वरून बघायची सोय नाही.

शेवटी एडिट, प्रेफरन्सेस, इनपुट इथे गेलो आणि 'इम्युलेट थ्री बटन माऊस' वर टिक केली. आता ऑल्ट धरून डाव्या बटणाने ओढलं की दृश्य फिरतं, सोबत शिफ्ट धरली की सरकतं, कंट्रोल धरला की जवळ-लांब होतं. वा! पण लगेच दुसरी भानगड: ऑल्ट-क्लिक करून समईच्या कडेचं अख्खं वर्तुळ निवडायचो, ते बंद. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, तिथे आता डबल-क्लिक करायचं.

'इम्युलेट नंबरपॅड' मात्र चालू करून परत काढलं. त्याने वरच्या ओळीतले १, २, ३ दृश्याच्या कामाला लागतात आणि एडिट मोडमध्ये (जिथे मॉडेलचा आकार बदलतात) बिंदू, कडा, पृष्ठ निवडायला उरत नाहीत. त्यापेक्षा टिल्ड (~) ची कळ दाबून येणारा, समोरून-बाजूने-वरून बघायचा गोल मेनू मला बरा वाटतो.

नवा माऊस अजून घेतलेला नाही.